आमवातात इम्युनिटी ‘कमी’ नसते, भाऊ

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय: आमवात, थायरॉईड, सोरायसिस हे इम्युनिटी कमी झाल्याने होतात, गुळवेलीचा काढा टी-पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जाग्या करतो, यावर 2025 चं नोबेलही मिळालं, नैसर्गिक आहे, अपाय नाही, तीन महिने प्या, गोळ्या सोडा.

‘इम्युनिटी कमी.’ आमवातात आणि हाशिमोटो थायरॉईडमध्ये टी-पेशी झोपलेल्या नसतात, त्या आपल्याच सांध्यावर, ग्रंथीवर चालून गेलेल्या असतात. अशा माणसाला ‘बूस्टर’ म्हणजे आगीत तेल.

‘नोबेल मिळालं.’ मिळालं खरं, पण नेमक्या उलट गोष्टीसाठी, तिघा शास्त्रज्ञांना. त्यांतले जपानचे साकागुची यांनी 1995 मध्ये उंदरांच्या टी-पेशींतून सीडी25 हे चिन्ह असलेल्या पेशी वगळल्या आणि उरलेल्या पेशी, स्वतःच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या. त्यांचे थायरॉईड, जठर, सांधे सुजले. वगळलेल्या पेशीही सोबत दिल्या, तर आजार टळला. म्हणजे त्या इतरांना आवरणाऱ्या पेशी होत्या. उरलेले दोघे, अमेरिकेचे ब्रन्को आणि रॅम्सडेल, यांनी 2001 मध्ये त्यामागचं फॉक्सपी3 हे जनुक शोधलं. ते बिघडलं की लहान मुलांना आयपेक्स हा, टी-पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा जीवघेणा आजार होतो. नोबेल या आवर घालण्याच्या यंत्रणेला आहे!

‘टी-पेशी जाग्या केल्या की झालं.’ टी-पेशीला दोन इशारे लागतात: एक तिच्या ग्राहीला (पृष्ठभागावरच्या ‘कुलपाला’) भिडणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्याचा, दुसरा तिच्यावरच्याच सीडी28 या वेगळ्या ग्राहीमार्फत. पहिलाच मिळाला तर ती बहुधा थंड पडते, आणि हे आपल्या भल्याचं आहे. 2006 मध्ये लंडनला टीजीएन1412 हे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं. ते पहिल्या इशाऱ्याची वाट न पाहता, थेट सीडी28 वरून टी-पेशी पेटवत होतं. दिवस उलटायच्या आत सहाही जण आयसीयूत. काढ्यात तेवढा जोर नाही, हे सुदैव.

‘नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.’ 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींना आधीच ऑटोइम्युन (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे) आजार होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तोही सांगायला हवा.

‘गोळ्या सोडा.’ हे सगळ्यांत घातक. गोळ्यांत स्टिरॉइड असेल आणि ते अचानक थांबवलं, तर त्या औषधाने मंदावलेली अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरची, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी) साथ देत नाही, रक्तदाब कोसळू शकतो. काढा सुरूच असेल तर तुमच्या डॉक्टरांना तसं सांगा आणि यकृताची तपासणी करून घ्या.