किल्ला नवा, खांब जुना

बल्गेरियातल्या वेलिको तर्नोव्होहून आलेल्या प्रत्येकाच्या फोटोत एकच दृश्य असतं. त्सारेव्हेत्स किल्ल्याची टेकडी, पायथ्याला वळसे घेत जाणारी यांत्रा नदी आणि माथ्यावर टोकदार मनोऱ्याचं चर्च. मीही तोच फोटो काढलाय, आधीच कबूल करतो. पण त्यात मध्ययुगातलं किती कमी आहे, हे वर चढून गेल्यावर कळलं.

1185 मध्ये असेन आणि पीटर या भावांनी बायझंटाइन सत्तेविरुद्ध इथून उठाव केला. पुढची दोनशे वर्षं ही बल्गेरियाची राजधानी. तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर, 17 जुलै 1393 ला ती ऑटोमन फौजांच्या हाती पडली. राजा इव्हान शिशमान तेव्हा शहरात नव्हता. शहर लढवलं धर्मगुरू एव्हतिमीने.

आज दिसतं ते बरंचसं 1930 ते 1981 मधलं बांधकाम. बाल्डविनचा बुरूजच घ्या. 1205 मध्ये राजा कालोयानने कॉन्स्टँटिनोपलच्या लॅटिन (म्हणजे ते शहर जिंकलेल्या पश्चिम युरोपीय क्रुसेडरांच्या) सम्राटाला, बाल्डविनला, लढाईत पकडलं; तो या बुरुजात कैदेत होता असं सांगतात. बुरूज मात्र 1930 च्या दशकातला, तोही चेर्वेन नावाच्या दुसऱ्याच किल्ल्यातला बघून बांधलेला! आपल्याला नुसत्या चौथऱ्यांवरून वाडे डोळ्यांपुढे आणायची सवय. मला इथे पायेच ठेवले असते तरी चाललं असतं.

माथ्यावरचं चर्चही 1981 चं. नाक मुरडतच आत शिरलो आणि गप्प झालो. सोनेरी संत कुठेच नाहीत. तेओफान सोकेरोव्हने 1985 मध्ये रंगवलेल्या लांबोडक्या, हाडकुळ्या आकृत्या, सगळ्या राखाडी-काळ्या, मध्येच लाल. इथे प्रार्थना होत नाही. कित्येकांना ही चित्रं खटकतात. मला उलट अख्ख्या टेकडीवर तीच खरी वाटली, जुनं असल्याचा आव त्यांनी आणलेला नाही.

खरं जुनं बघायचं तर खाली उतरा. नदीकाठी चाळीस हुतात्म्यांचं चर्च आहे. 1230 मध्ये क्लोकोत्नित्साची लढाई जिंकल्यावर राजा इव्हान असेन दुसरा याने ते बांधलं, आणि विजयाची हकिगत तिथल्या एका खांबावर कोरून घेतली. (डागडुजी याचीही झालीय, पण खांब अस्सल.) आतला दुसरा एक खांब त्याहून चारशे वर्षं जुना, बल्गेरियाचा तेव्हाचा राज्यकर्ता खान ओमुर्ताग याचा. लेख ग्रीकमध्ये. माणूस चांगला जगला तरी मरतोच आणि दुसरा जन्मतो. मागून येणाऱ्याने हे बघून बांधणाऱ्याची आठवण काढावी, असं त्यात म्हटलंय. आणि लगेच पुढे, देवाने ओमुर्तागला शंभर वर्षं आयुष्य द्यावं! हा खान ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा. त्याचाच खांब ख्रिस्ती राजाने चर्चमध्ये लावला. पुढे चर्चची मशीद झाली, तरी खांब आतच राहिला.

या चर्चसाठी माझ्याकडे जेमतेम वीस मिनिटं उरली होती, सगळा दिवस वरच्या नव्या तटबंदीवर घालवला होता. तुम्ही जाल तेव्हा आधी इथे या, टेकडी नंतर चढा.