घोळ रक्तातला की नळीतला?

सर, 'प्लेटलेटमधून गळणाऱ्या सेरोटोनिनमुळे फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब वाढतो' या माझ्या लेखातल्या वाक्यावर तुम्ही दोन हरकती घेतल्यात. (प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, सेरोटोनिन म्हणजे त्यांच्यात साठणारं एक रसायन.) एक, आजारामुळेच प्लेटलेट फुटत असतील, म्हणजे मी परिणामालाच कारण ठरवतोय. दोन, असलं वाचून नैराश्याच्या गोळ्या घेणारे धास्तावतात. तुमच्या बहिणीनं त्या रात्रीची गोळी घेतलीच नाही.

आधी गोळीचं. ताईंना सांगा, गोळी चालू ठेवा, बदल करायचा तर त्यांचे डॉक्टर करतील. मी पूर्वी भूक मारायला देत त्या फेनफ्लुरामीन या औषधाबद्दल लिहिलं होतं. सेरोटोनिन पेशीत शिरतं त्या दारातून हे औषध स्वतः आत घुसतं आणि आतला साठा बाहेर काढतं. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी तेच दार नुसती अडवते. प्लेटलेटला सेरोटोनिन बनवता येत नाही, आतड्यात बनलेलं ती रक्तातून उचलते. दार अडलं की काही आठवड्यांत तिचं कोठार जवळजवळ रिकामं होतं. या गोळ्यांवर कुणाकुणाला जरा लागलं की काळंनिळं होतं, ते त्यामुळेही. हा फरक मी लेखातच लिहायला हवा होता.

आता पहिली हरकत. १९९५ साली फ्रान्समध्ये फुप्फुसातल्या दाबाच्या या आजाराचे १६ रुग्ण तपासले. त्यांच्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तद्रवात, सेरोटोनिन लिटरला सरासरी ३० नॅनोमोल, निरोग्यांत ०.६. त्यातल्या सहा जणांचं हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण झालं, तरी आकडा चढाच राहिला. फुप्फुसं नवी, पण प्लेटलेट स्वतःच्याच अस्थिमज्जेतल्या. नुसता आजारच त्यांना चिरडत असता तर आकडा खाली यायला हवा होता. सहाच माणसं, हे कबूल.

तुम्ही न काढलेली तिसरी हरकत मीच काढतो, कारण माझा दिवस रक्ताच्या नळ्यांत जातो. रक्तातलं जवळपास सगळं सेरोटोनिन प्लेटलेटमध्ये असतं. शीर सापडेना म्हणून पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला, सिरिंज जोरात ओढली, की थोड्या प्लेटलेट तिथंच सांडतात आणि 'प्लाझ्मातलं' सेरोटोनिन कुठल्या कुठं जातं. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या संशोधकांना हा पदार्थ सापडला तोच मुळी गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवात, म्हणजे सीरममध्ये; नावातला 'सेरो' तिथलाच. निरोग्यांचं रक्तही त्याच पद्धतीनं काढलं असणार म्हणा, पण आजाऱ्याची शीर तितकी सहज सापडत नाही. २००८ मध्ये दुसऱ्या एका गटानं मोजलं तेव्हा रुग्णांची पातळी निरोग्यांसारखीच निघाली.

औषधांनीही माझ्या वाक्याला साथ दिली नाही. सेरोटोनिन पेशीवर जिथं चिकटतं ते रिसेप्टर अडवणारं टरग्युराइड रुग्णांत उपयोगी ठरलं नाही. सेरोटोनिन बनणंच कमी करणारं रोडाट्रिस्टॅट दिलं, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत रक्तप्रवाहाला होणारा विरोध उलट वाढला. मग फॉन-हुडेड जातीच्या उंदरांचं काय? प्लेटलेटच्या कोठारातला दोष त्यांना जन्मजात असतो आणि फुप्फुसातला दाबही चढतो. ते कोडं मला अजून सोडवत नाही, म्हणून प्लेटलेटचा नाद मी सोडलेला नाही.

तेवढं वाक्य मात्र बदललंय. 'मुळे दाब वाढतो' काढून 'चा हात असावा, असा संशय आहे' असं केलंय. ताईंना दाखवा.