"अपंग मुलांना दहावी कशाला" वाल्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. थोडक्यात असा: हातापायाने अधू मुलांना दहावी-बारावीच्या मागे लावू नका, आठवीनंतर शिवण, मेणबत्त्या, खडू असलं काहीतरी शिकवा, पोटापाण्याला लागतील, आणि एकदोन मुलांसाठी शाळेशाळेत रॅम्प बांधायचा खर्चही वाचेल. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण हे वाचून कोणी खरंच पोरीचं नाव शाळेतून काढलं तर तिचं फार नुकसान होईल, म्हणून लिहितेय.

"हातात कला हवी, सर्टिफिकेट नको." अहो पण कला शिकायला जाल तिथेच सर्टिफिकेट मागतात! आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी पास लागतं, कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड, बसून करता येण्यासारखा, त्यालाही लागतं, केंद्र सरकारच्या एमटीएस (कार्यालयातली शिपाई वगैरे कामं) भरतीलाही लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आहे, आठवीत शाळा सुटलेल्या मुलाला त्यातलं काय मिळणार? त्याच कायद्यात असंही आहे की व्यवसाय शिक्षणाच्या नेहमीच्या योजनांमध्येच या मुलांना सामावून घ्यायचं, म्हणजे बाकीच्या पोरांबरोबर शिकायचं, मेणबत्त्यांचा वेगळा कोपरा नाही.

"शिवणकाम सगळ्यात सोपं." कोणाला सोपं? आपल्याकडचं साधं मशीन पायाने चालतं. पायात जोर नसलेल्या मुलीला तेच मशीन द्यायचं आणि मग "हिला जमत नाही" म्हणायचं, हा कुठला न्याय? मोटार बसवली आणि तिचं पेडल खाली न ठेवता टेबलाला, हाताने किंवा कोपराने दाबता येईल असं लावलं की तीच मुलगी ब्लाउज शिवू शकते. पण त्यासाठी आधी तिला काय येतं, काय आवडतं, बोटं किती वेळ चालतात हे कोणीतरी बसून बघायला हवं ना. मेसेजमध्ये मुलाची आवड हा शब्दच नाही, सगळ्यांना एकच मेणबत्ती.

कोल्हापूरचं उदाहरण तर घरातलंच आहे. नसीमा हुरजूक, ऐन शाळा-कॉलेजच्या वयात कमरेखालचा भाग लुळा पडला, तरी शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. तिथे वसतिगृह आहे, शाळा आहे, आणि व्हीलचेअर, तीनचाकी सायकली बनवायचं वर्कशॉपही आहे. शाळा की काम असा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही, दोन्ही दिलं. आठवीनंतर त्यांना कोणी खडू करायला बसवलं असतं तर?

आता रॅम्प. याच्यावर मला सगळ्यात जास्त राग आला. नियम साधा आहे, एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. शाळेच्या दाराशी सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर रॅम्प अठरा फुटांचा हवा. आणि बांधतात किती? जागा नाही म्हणून सहा फूट, घसरगुंडीच ती, त्याच्यावर व्हीलचेअर ढकलायलाही दोन माणसं लागतात आणि उतरताना भीती वेगळीच. मग फोटो काढून रजिस्टरला "रॅम्प आहे". टॉयलेटचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जात नाही, म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. अशा मुलीने शाळा सोडली की आपण म्हणतो तिला अभ्यास झेपला नाही! आणि रॅम्प एकदोन मुलांसाठीच कसा, पाय प्लास्टरमध्ये असलेला पोरगा, नातवाला न्यायला येणारी आजी, गुडघे दुखणाऱ्या बाई, सगळेच वापरतात की तो.

"विशेष शाळेत घाला" हा शेवटचा मुद्दा. ज्याला गरज आहे त्याने जरूर घालावं, पण कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला जवळची साधी शाळा किंवा विशेष शाळा, त्याच्या पसंतीने, फुकट मिळायला हवी. विशेष शाळेतच न्या, असं शाळा पालकांवर ढकलू शकत नाही.

ज्यांच्या घरी असं मूल आठवी-नववीत आहे त्यांनी तो मेसेज डिलीट करा आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आत्ताच काढा. हात हळू चालत असेल तर बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याचं शाळेत नववीतच विचारून ठेवा, ऐन फॉर्म भरताना धावपळ नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा पुढच्या मीटिंगला टेप घेऊन जा आणि रॅम्प आणि टॉयलेटचं दार सगळ्यांसमोर मोजायला लावा.