सायलेन्सर खडखडतोय, पण गाडीखाली नीट वाकून बघायला कुणी तयार नाही

पाच आठवडे. पाच आठवडे माझ्या गाडीखाली पत्र्याचा डबा बांधल्यासारखा आवाज येत होता आणि तीन ठिकाणच्या लोकांनी मिळून माझे पैसे, माझे तीन शनिवार आणि माझं डोकं खाल्लं आणि शेवटी निघालं काय, तर एका बोल्टचं गंजून मोठं झालेलं भोक! आज हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आवाज कसा, तर सकाळी वारज्यात पार्किंगमधून गाडी काढली की सुरू. आयडलला, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसतं चालू असताना, काही नाही, पण जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा दीड-दोन हजारावर आला की तर्रर्रर्र, त्याच्या वर गेला की बंद, गिअर बदलताना खाली आला की परत तर्रर्र. चांदणी चौकाचा चढ संपेपर्यंत हेच चालू. आई शेजारी असली की दर दोन मिनिटांनी "अगं खाली काहीतरी सुटलंय, थांबव आधी गाडी." आणि बाणेरला ऑफिसपाशी पोचेपर्यंत आवाज गायब. रोज.

हे सगळं मी सर्व्हिस सेंटरला नीट सांगितलं. कागदावर लिहून दिलं हो! इंजिन थंड असताना येतो, पंधरा-वीस मिनिटांनी जातो, दीड ते दोन हजार आरपीएमला येतो, गाडी जागेवर उभी असली तरी येतो, पुढच्या सीटच्या खालून येतो. याहून जास्त माणसाने काय सांगायचं? सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने जॉब कार्डवर एक शब्द लिहिला, "नॉइज". बास. आणि वर मला विचारतो, "मॅडम, सर येणारेत का बोलायला?" कुठले सर? गाडी माझी, हप्ते मी फेडले, सात वर्षं रोज मी चालवतेय, आवाज मला ऐकू येतोय, आणि बोलायला सर पाहिजेत?

बरं, ट्रायल कधी घेतली तर भर दुपारी, उन्हात तापलेली गाडी, मी नुकतीच चालवत आणलेली. "आवाज नाही येत मॅडम." अहो नाहीच येणार, तेच तर लिहिलंय ना त्या कागदावर! म्हटलं रात्रभर ठेवून घ्या, सकाळी पहिला स्टार्ट तुम्ही मारा. हो हो म्हणाला. आणि संध्याकाळी फोन, गाडी तयार आहे, पुढचे दोन्ही लिंक रॉड (चाकांजवळच्या सस्पेन्शनमधले दांडे) बदललेत, ३,२०० रुपये. लिंक रॉड गेला तर खड्ड्यात चाक आपटल्यावर ठकठक होते, उभ्या गाडीत नुसता आरपीएम वाढवून कसली तर्रर्र येणार? मला ऑफिसात बसून हे कळतं आणि ज्याचा दिवसभराचा धंदाच हा, त्याला कळू नये? आणि मला न विचारता बदलले! दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये तर्रर्रर्र, होता तसाच.

पुढच्या शनिवारी नवले पुलाकडचं एक गॅरेज. तो काउंटरवरून उठलासुद्धा नाही, तिथूनच कान दिला आणि म्हणाला सायलेन्सरच्या आतले पडदे तुटलेत, पूर्ण सायलेन्सर बदला, ११,५०० रुपये. समोर लिफ्ट रिकामी होती! गाडी वर घ्यायला दोन मिनिटं लागतात, आणि तो मला मागचा डबा बदलायला सांगतोय, तेही मी आवाज मधून येतोय म्हणत असताना.

तिसरा तर कहर. त्याने निदान वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत (कॅटकॉन, इंजिनचा धूर साफ करणारा डबा) नजर टाकली आणि म्हणाला आतलं हनीकोंब फुटलंय, ३८,००० रुपये, पार्ट मागवायला चार दिवस. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चिनी मातीची वीट असते, तिला प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा लेप असतो म्हणून तो पार्ट एवढा महाग, हे मलाही माहितीये. पण ती वीट फुटून धूर अडला तर गाडीचा पिकअप मरतो, बहुतेक वेळा चेक इंजिनचा दिवा लागतो. माझी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढ आरामात चढतेय, दिवा नाही, अ‍ॅव्हरेज तेवढंच. मी हे बोलले तर, "मॅडम, यूट्यूब बघून येऊ नका." डोक्याची शीरच उठली माझी. अडतीस हजार म्हणजे आमच्या घराचे दीड महिन्यांचे हप्ते आहेत, आणि हा माणूस एकदा हात न लावता ते सांगतोय!

शेवटी आमच्या बिल्डिंगमधले काका, एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ते जिन्यात भेटले. मी रडायच्या बेतात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एक शब्द बोलले नाहीत, आणि मग एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी खाली ये. आणि जॅक लावून खाली शिरायचं नाही हां पोरी, जॅक घसरला की संपलं."

रविवारी सकाळी सातला आम्ही खाली. गाडीची डावी चाकं पार्किंगच्या कट्ट्याच्या उतारावर चढवून हँडब्रेक ओढला, उजव्या चाकांना विटा लावल्या, मी पुठ्ठ्यावर आडवी झाले. काका म्हणाले, "मुठीने ठोकत ये, मागून पुढे." मागचा डबा ठोकला, धप्प, भरीव आवाज. तो टांगायची रबरं हलवून बघितली, शाबूत. मधला पाइप, काही नाही. आणि कॅटकॉनवरच्या पातळ पत्र्याला नुसती बोटं लागली आणि तर्रर्रर्र! तोच आवाज! पाच आठवडे ज्याच्यासाठी मी वणवण केली तो आवाज माझ्या बोटाखाली होता. टॉर्च मारला तर त्या पत्र्याच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या हीट शिल्डच्या, एका कोपऱ्यात बोल्ट जागेवर, दहा नंबरचा, पण पत्र्याचं भोक गंजून त्या बोल्टच्या डोक्याएवढं झालेलं, कडेनं नारिंगी भुगा, आणि पत्रा जिथे पाइपला घासत होता तिथे एक चकचकीत रेघ पडलेली. पत्रा तापला की फुगून बसतो, म्हणून गरम गाडीत आवाज बंद. माझ्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिलेलं उत्तर!

बोल्ट काढायला जाऊ नकोस, गंजलाय, तुटेल, असं काका म्हणाले. मग नाना पेठेत जाऊन स्टेनलेस स्टीलच्या दोन मोठ्या होज क्लिपा (पाइप आवळायच्या स्क्रूच्या पट्ट्या) आणल्या, एकमेकींत अडकवून पत्र्यावरून वेढा घातला आणि आवळल्या. १४० रुपये. वीस मिनिटं. गाडी चालू केली, काटा दीड हजार, दोन हजार, अडीच हजार. शांत. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले.

आणि ज्याने "तो पत्रा फाडून टाका, काय काम आहे त्याचं" असं मला परवा सांगितलं ना, त्यालाही सांगते, कॅटकॉन चालताना चारशे-पाचशे डिग्री सहज तापतो, तो पत्रा आहे म्हणून वर सीटखालचं कार्पेट भाजत नाही आणि खाली वाळलं गवत पेटत नाही. कशाला लोकांना जिवावरचे सल्ले देता?

हे झालं कशामुळे तेही बोलते. आमच्या गल्लीत दोनशे मीटरमध्ये तीन स्पीडब्रेकर आहेत. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८च्या नियमात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला होता, म्हणजे गाडी पंचवीसच्या स्पीडने सरळ वरून जावी. आमच्याकडे डांबराचा ढीग ओतून त्याला ब्रेकर म्हणतात, हातभर रुंद, त्याच्यावर पांढरा पट्टा नाही, रात्री दिसत नाही, दोन माणसं बसली की कितीही सावकाश घेतली तरी पोट घासतं. वर पावसाळाभर साचलेलं पाणी. खालचा पत्रा ढिला होणार नाही तर काय होणार?

लिंक रॉडचे जुने पार्ट मी त्याच दिवशी मागितले होते, तेव्हा "स्क्रॅपला गेले" म्हणाले. एका दिवसात? शनिवारी बिल, तो माझा कागद आणि त्या भोकाचा फोटो घेऊन परत जातेय, आणि या वेळी मॅनेजर बाहेर येईपर्यंत मी गाडी काउंटरसमोरून हलवणार नाही.