‘लोकांनाच सायकल नको आहे’ हे खरं नाही

शहरात सायकलमार्गांची मागणी झाली की एक दावा हमखास फिरू लागतो: सायकल ही डच लोकांची संस्कृती आहे, उन्हापावसात ती जमत नाही, बांधलेले ट्रॅक रिकामेच असतात, थोडक्यात, लोकांनाच सायकल नको आहे.

आधी संस्कृतीचं बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्येही मोटारी वाढल्या आणि सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं दगावली, त्यांत ४००हून जास्त मुलं होती. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ म्हणत पालक रस्त्यावर उतरले, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, आणि मग सरकारने सायकलमार्गांसाठी पैसा काढला. आज जिला संस्कृती म्हणतात, ती अशी भांडून मिळवलेली आहे.

हवामानाचा मुद्दा तर टिकतच नाही. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. २००६-०७च्या सुमारास तिथे जवळपास ८० किलोमीटरचं वेगळं, सलग जाळं उभं राहिलं आणि सायकलफेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. फिनलंडमधल्या औलूत लोक बर्फातही सायकल चालवतात, कारण पालिका सायकलमार्गांवरचा बर्फ वेळेवर काढते.

राहिले रिकामे ट्रॅक. असा एखादा ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून बघा. मध्येच विजेचा खांब, पुढे उभ्या केलेल्या गाड्या, आणि चौक आला की ट्रॅकच गायब! म्हणजे सर्वांत जास्त धोका असतो नेमक्या तिथेच सायकलस्वाराला भरधाव वाहनांत सोडून दिलेलं असतं. अशा तुकड्यावर कोणी येत नाही याचा दोष लोकांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. सेव्हिलमध्ये फरक पडला तो जाळं सलग होतं म्हणून, आणि दावा करणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

शिवाय ‘लोक’ म्हणजे नक्की कोण? सायकली कमी असलेल्या शहरांत चालवणाऱ्यांत बाया फार थोड्या दिसतात. नेदरलँड्समध्ये त्या पुरुषांच्या बरोबरीने, किंबहुना जास्तच चालवतात. आवडीनिवडीत एवढा फरक नसतो, तो रस्त्याच्या भीतीत असतो. पाच किलोमीटरच्या शाळेला सायकलने साधारण वीस मिनिटं लागतात. मुलांची तयारी असते, पण त्या चौकातून त्यांना एकटं पाठवायला आईवडिलांचा जीव धजावत नाही.