घोळका म्हणजे सगळे विद्यार्थी नव्हेत

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात अध्यक्षांविरुद्ध निदर्शनं झाली की आपल्याकडच्या चर्चेत दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, बघा, तिथली तरुण पिढी कशी जागी आहे! दुसरी म्हणते, शिकायचं सोडून पोरांनी राजकारण कशाला करावं? हिरवळीवर जमलेला घोळका म्हणजेच अमेरिकेतले विद्यार्थी, हे मात्र दोघीही धरून चालतात. इथे अमेरिकेत राहणाऱ्याला नेमकं तेच पटत नाही.

४ मे १९७० ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव फौजेच्या गोळीबारात चार विद्यार्थी गेले. तिथली निदर्शनं अध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात फौजा घातल्याच्या निषेधाची होती. शेकडो कॉलेजं बंद पडली. पुढच्याच वर्षी मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. १९७२ मध्ये तरुण मतं निक्सन यांचे प्रतिस्पर्धी मॅकगव्हर्न यांना मिळतील, अशी अनेकांची अटकळ होती. जनमत पाहणी करणाऱ्या गॅलप संस्थेच्या आकड्यांनुसार मात्र तिशीच्या आतल्या मतदारांतही निक्सनच ५२-४८ असे पुढे राहिले. त्या वयाची बरीचशी माणसं कॉलेजात नव्हतीच. ती कारखान्यात, शेतावर, फौजेत होती.

२०२४ च्या वसंतात कोलंबियासह अनेक विद्यापीठांत गाझासाठी निदर्शकांनी तंबू ठोकले आणि तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या. त्याच सुमारास हार्वर्डच्या पाहणीत तरुणांना कोणता प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, हे विचारलं गेलं. महागाई वर होती, इस्रायल-पॅलेस्टाइन तळाजवळ. घोषणा खोट्या होत्या असं नव्हे. त्या थोड्यांच्या, पण मनापासूनच्या होत्या.

म्हणून आकडा हाती आला की आधी कोणाला विचारलं ते बघावं. हार्वर्डची पाहणी २००० पासून चालते, पण तिचा गट १८ ते २९ वयाचा आहे. त्यात नोकरदार आणि बेकारही येतात. बातमीत मात्र या सगळ्यांचे ‘विद्यार्थी’ होतात. मग संख्या. १,००० जणांच्या पाहणीत तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, १०० जणांच्या पाहणीत जवळपास दहा. एका कॉलेजातल्या शंभर मुलांनी ५५-४५ असा कौल दिला, तर त्यावरून काहीच ठरत नाही. शेवटी प्रश्न कसा विचारला, हे पाहायचं. ‘अध्यक्षांचं काम पसंत आहे का’ आणि ‘माणूस आवडतो का’ यांची उत्तरं वेगळी येतात. शिवाय काम नापसंत म्हणणारा विरोधी पक्षाकडे झुकला असेलच असं नाही. अध्यक्ष आपल्या बाजूने पुरेसे ठाम नाहीत, म्हणूनही तो नापसंती नोंदवतो.

मत असलं तरी ते पेटीत पडायला खटपट लागते. विद्यार्थ्याला घरच्या किंवा कॉलेजच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, पण एकाच ठिकाणी. बऱ्याच राज्यांत नोंदणीची मुदत आधीच संपते, टपाली मतपत्रिका वेळेत मागवावी लागते, आणि टेक्सासमध्ये विद्यार्थी ओळखपत्र चालतच नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या अभ्यासात विद्यार्थ्यांचं मतदान २०१६ मध्ये ५२ टक्के होतं, २०२० मध्ये ६६.

पुण्या-नागपुराहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांना तर मतच नाही. अध्यक्षांबद्दल त्यांना काय वाटतं, ते पदवीनंतरच्या बारा महिन्यांच्या कामाच्या परवान्यावर, त्यापुढच्या चोवीस महिन्यांच्या वाढीवर आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असतं. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. अशा मुलाच्या गप्प बसण्याला संमती मानणं अन्यायाचं आहे.

आणि ‘पोरांनी राजकारण करू नये’ म्हणणाऱ्यांना एक विचारायचं आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने कॉलेजातल्या खुल्या निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद परत आली. अठराव्या वर्षी खासदार निवडणाऱ्या मुलाने वर्गप्रतिनिधी का निवडू नये?