बिनपावतीचं दान

दान करावं तर चारचौघांत दिसेल असं करावं, ही आमच्याकडची रीत. देवळाला छताचा पंखा दिला तरी पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं रंगवून घेतात. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, त्यामुळे देणगीदाराचे घरचे लोक बहुधा थंडीतच दर्शनाला येत असावेत. रक्तदानाला केळं, बिस्किट आणि प्रमाणपत्र मिळतं. गणपतीच्या वर्गणीची पावती मिळतेच, वर मांडवात माइकवरून नाव पुकारतात. मी जे दान करतो त्यात यातलं काही नाही. मी माझ्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ वैद्यकीय संशोधनाला देतो. हे घरात सांगून बघा एकदा.

प्रकल्पाचं नाव 'फोल्डिंग अ‍ॅट होम'. २००० साली अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला. आपल्या अंगातली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्या. त्या घडी पडून ठरावीक आकारात बसल्या तर बहुतेक कामाच्या. घडी बिघडली तर भानगड; अल्झायमर, पार्किन्सन या दुखण्यांत असल्या बिघडलेल्या घड्या सापडतात. ही घडी पडते कशी, हे अणू न् अणू हलवून बघायचं तर एकट्या कॉम्प्युटरला वर्षानुवर्षं पुरायची नाहीत. म्हणून कामाचे तुकडे करून जगभरच्या घरोघरी वाटायचे. मी मिरजेच्या आत्याला हे समजावताना नऊवारीचं उदाहरण दिलं. म्हटलं, कापड तेच, पण निऱ्या चुकल्या तर? आत्याला ते क्षणात पटलं. "काष्टा चुकला की सगळंच सुटतंय बघ," म्हणाली. एवढं सोपं आकलन मला इंग्रजी लेख वाचूनही झालं नव्हतं. पण लगेच पुढचा प्रश्न आला, "मग माझ्या गुडघ्याचं काय निघालं त्यात?" तेव्हापासून आत्याचा फोन आला की ख्यालीखुशालीच्या आधी गुडघा.

अण्णांचं प्रकरण अवघड. त्यांचा जन्म हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून गेला.

"कॉम्प्युटर कुणाचा?"

"आपला."

"लाइट?"

"आपलीच."

"आणि निघालेलं उत्तर?"

"ते तिकडं जातं. मग सगळ्या जगाला फुकट बघायला ठेवतात."

"म्हणजे हमाली आपली, तोलाई आपली. आणि मालाच्या पैशाची पट्टी?"

"पट्टी नसते अण्णा. पॉइंट मिळतात."

"त्याचं काय येतं?"

"काही येत नाही."

अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पेपरात डोकं घातलं.

पुढं मीच त्यांच्या हाती दारूगोळा दिला. 'रोझेटा अ‍ॅट होम' हा याच जातीचा दुसरा प्रकल्प. तो ज्यांच्या प्रयोगशाळेतून निघाला त्या डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. मी मोठ्या अभिमानानं अण्णांना ही माहिती पुरवली. ते म्हणाले, "बघ. पट्टी निघाली, पण दुसऱ्याच्या नावावर."

बाकी दान स्वीकारणाराही आपल्या भरवशावर बसलेला नसतो. प्रत्येक तुकड्याला मुदत असते. वळवाचा पाऊस आला, आमच्या गल्लीतली लाइट गेली आणि मुदत टळली, की तेच काम गुपचूप दुसऱ्या कुणाला तरी देतात. रागावत नाहीत, विचारत नाहीत. हा अपमान मला फार लागतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर अजब झालं. करोनाच्या विषाणूवर काम सुरू झालं म्हणताच जगभरातून लोक असे तुटून पडले, की सगळ्यांची मिळून ताकद सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या पुढं गेली. मोठमोठे सुपरकॉम्प्युटर मागं पडले. आणि वाटायला तुकडेच कमी पडले! माझ्या पडद्यावर 'काम मिळण्याची वाट पाहत आहे' अशा अर्थाचं काहीतरी तासन्‌तास लटकलेलं. अण्णा मागं उभे. "फुकट राबतो म्हणूनसुद्धा कुणी घेईना व्हय तुला?"

आता बिल. दोनशे वॅट खाणारं यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला जवळजवळ पाच युनिट, महिन्याला दीडशेच्या घरात. शिवाय शंभराच्या पुढं युनिटचा दरच चढतो, त्यामुळे माझ्या परोपकारापायी घरातला फ्रिजसुद्धा महाग पडायला लागला. बायकोनं बिल माझ्यासमोर ठेवलं. "अल्झायमरवर औषध निघेल तेव्हा निघेल," ती म्हणाली, "हे मी विसरणार नाही."

गल्लीत वेगळीच वार्ता. रात्रभर खोलीत उजेड, पंख्याची घरघर आणि वाढलेलं बिल; शेजारच्या काकांनी यातून मी बिटकॉइन काढतो असा निष्कर्ष काढला. एके संध्याकाळी भडंगाची पुडी घेऊन आले, इकडचं तिकडचं बोलले, मग आवाज उतरवून म्हणाले, "आम्हालाबी घे की यात. दहा-वीस हजार घालतो." मी प्रथिनांपासून सुरुवात केली. काका समजूतदारपणे हसत राहिले. "बरोबर आहे, बाहेर असंच सांगायचं," म्हणाले. मला वाटतं, आमच्याकडे खोटं बोलून पैसे कमावणं लोकांना चटकन समजतं. खरं बोलून घालवणं समजत नाही.

पण टक्केवारीचा एक नाद असतो. पडद्यावर निळी पट्टी सरकत असते आणि माणूस बघत बसतो. अण्णाही त्यातून सुटले नाहीत. पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की सकाळी उठल्या उठल्या त्यांचे दोन प्रश्न असतात: आयर्विन पुलाला किती फूट, आणि तुझं किती टक्के?

मे महिन्यात मात्र मी हे बंद ठेवतो. यंत्रानं खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते आणि सांगलीच्या उन्हाळ्याला तिची गरज नाही. डिसेंबरात गोष्ट वेगळी. गारठ्यात इडलीचं पीठ फुगत नाही, हे घरातलं जुनं दुखणं. एकदा बायकोनं पिठाचं पातेलं सहज कॉम्प्युटरच्या मागं, गरम वारा येतो तिथं ठेवलं. सकाळी झाकण वर उचललं गेलेलं. आता रविवारी इडली ठरली की शनिवारी रात्री ती स्वतःच खोलीत डोकावते.

"अहो, तुमचं ते संशोधन लावलंय ना?"